दुसऱ्याच्या मोटारीचा कागद

माझे वडील गेले तो बुधवार होता. सकाळी ते सायकलवर बडनेऱ्याच्या रस्त्यानं निघाले. मागून मोटार आली. दवाखान्यात नेईपर्यंत ते वारले. मोटार चालवणारा माणूस त्या मोटारीचा मालक नव्हता.

यातलं शेवटचं वाक्य मी त्याच दिवशी ऐकलं, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. तो ज्यांच्यामुळे कळला ते गृहस्थ गेल्या हिवाळ्यात अकोल्याला वारले. त्यांच्याविषयी लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. मी सावकाश लिहिणारी आहे, म्हणून इतके महिने गेले.

ते एका विमा कंपनीचे इन्स्पेक्टर होते. कंपनी मुंबईची, कचेरी अकोल्याला, आणि अकोला-अमरावती या दोन जिल्ह्यांतल्या मोटारी त्यांच्याकडे. त्या दिवसांत मोटारी तरी कोणाकडे असत? डॉक्टर, वकील, कापसाचे जिनवाले, एखादा संत्र्याचा बागाईतदार. या सगळ्यांकडे ते वर्षातून एकदा जात, आणि ते येताहेत असं कळलं की या सगळ्यांना एकदम बाहेरची कामं आठवत. कारण विम्याचा कागद ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवत आणि मगच सही घेत. कागद इंग्रजीत असे. आधी इंग्रजी वाचत, मग वऱ्हाडीत सांगत. दीड-दोन तास सहज जात. लोक त्यांना नावानं ओळखत नसत, 'कागदवाले' म्हणत. तोंडावरही म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

अकोल्याच्या एका जिनवाल्या शेठजींनी ते यायच्या आधीच सही करून कागद दिवाणजींजवळ देऊन ठेवला होता. यांनी तो घेतला नाही. "सही ऐकल्यावर होत असते, शेठजी. आधी केली तं थे नुसतं नाव हाये," असं आतल्या दिशेनं म्हणून ते ओसरीवर बसले. शेठजी जेवले, झोपले, उठले. हे बसलेलेच. शेवटी शेठजींनी तक्क्याला टेकून सगळा कागद ऐकला आणि पुढे चारचौघांत सांगू लागले की विमा एकदा मोटारीचा उतरवावा लागतो आणि एकदा कागदवाल्यांपासून आपला.

वाचन संपेपर्यंत ते चहाला हात लावत नसत. त्यामुळे दोन जिल्ह्यांतला चहा त्यांनी गारच प्यायला, आणि पुढे त्यांना तोच आवडू लागला. आमच्याकडे त्यांचं येणंजाणं झालं तेव्हा माय त्यांचा चहा सगळ्यांत आधी ओतून बाजूला ठेवी आणि सगळ्यांत शेवटी त्यांच्यापुढे करी.

उन्हाळ्यातही ते काळा कोट घालत. अकोल्याचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. कागद मेणकापडात गुंडाळून सायकलच्या मागे बांधलेले. इतक्या मोटारींचे विमे उतरवले, पण त्यांनी स्वतः कधी मोटारीच्या चाकाला हात लावला नाही. दुसऱ्याच्या मोटारीत बसायची वेळ आली तर दार उघडून एक पाय बाहेरच ठेवत आणि चालवणाऱ्याला तीन गोष्टी विचारत. गाडी कोणाची? त्याला सांगून आणली का? लायसन आहे का? तिन्ही उत्तरं आली की दुसरा पाय आत.

यावरून त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध होती. धारणीला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे जायचं होतं. परतवाड्याहून त्याच ठेकेदाराची जीप घेऊन त्याचा कारकून आला. यांनी विचारलं तेव्हा 'हो, सांगून आणली' म्हणाला. घाट अर्धा चढून गेल्यावर बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की मालक झोपले होते, म्हणून किल्ली तशीच घेऊन आलो. यांनी जीप थांबवायला लावली. कारकुनानं हात जोडले, जंगल आहे म्हणाला, जनावर आहे म्हणाला. हे उतरले. मेणकापडाचं बोचकं काखोटीला मारून पायी पुढच्या गावापर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं धारणीला पोचले. परतवाड्याचे लोक म्हणत, वाघ आला असन, पन यायनं त्यालेई पुसलं असन, जंगल कोनाचं, सांगून आला काय. बिचारा वाघ वापस गेला.

त्यांना विचारलं की ते म्हणत, "गाडीले काय समजते? गाडी कोनाच्याई हातानं चालते. कागदाले समजते."

लग्न केलेलं नव्हतं. अकोल्याला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात एक खोली भाड्यानं घेतलेली होती. तिथंही देण्याघेण्याचा हाच रिवाज. त्यांची एक शिडी होती, ती आळीतले सगळे नेत. नेणाऱ्यानं 'नेतो' म्हणायचं आणि यांनी 'न्या' म्हणायचं. दोन्ही शब्द कानावर पडल्याशिवाय शिडी हलत नसे. घरमालकीणबाई मला एकदा म्हणाल्या, "वरीसभर मले वाटे हा मानूस कद्रू हाये. मंग समजलं, 'नाई' तं कोनालेच म्हनत नाई."

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते बाबा गेल्यावर बारा-पंधरा दिवसांनी.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. बाबा एका प्रेसमध्ये पुस्तकं बांधायचे काम करीत. छापलेले फर्मे घरी येत, माय ते घड्या घालून शिवून देई, आणि पुठ्ठा-कापड बाबा प्रेसमध्ये चढवीत. शाळांच्या वाचनालयांतली फाटकी पुस्तकंही ते दुरुस्त करून देत. त्या बुधवारीही सायकलच्या मागे बडनेऱ्याच्या शाळेची पुस्तकंच होती. धर्मांतराला चार वर्षं झाली होती, भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, आणि आमच्या वस्तीतून कॉलेजात जाणारी मी एकटी मुलगी होते. मी बी.ए. व्हावं हा बाबांचा हट्ट होता. दुसरा कुठलाही हट्ट त्यांनी केलेला मला आठवत नाही.

ते गेल्यावर तिवशाहून मामा आले. मामा मायाळू होते, पण व्यवहार बघणारे होते. मोटारवाल्यांकडून, नाहीतर विमा कंपनीकडून काही मिळालं तर मायलेकींनी अमरावतीत राहावं, पोरीनं शिकावं. नाहीच मिळालं तर सामान बांधून तिवशाला यावं. तिथं शेतात काम होतं, आणि माझ्यासाठी एक स्थळही त्यांच्या डोक्यात होतं.  

कागदवाले दारात उभे राहिले आणि त्यांनी 'येऊ काय' असं विचारलं. मायनं मान हलवली. त्यांना मान पुरेशी वाटली नाही, म्हणून पुन्हा विचारलं. माय 'या' म्हणाली तेव्हा आत आले. बाबांचं वय, काम, पगार, घरात कोण कोण, हे सगळं त्यांनी टिपून घेतलं. मग विचारलं, सायकल कोणाची होती. माय म्हणाली, प्रेसची.

"मालकाले पुसून नेत?"

"पुसून नेत."

"त्या दिवशी पुसलं होतं?"

"थे रोजच पुसत, साहेब. बारा वरीस झाले. मालक म्हने, अरे बाबा, रोज काय पुसतं, तुहीच सायकल हाये समज. पन हे पुसत."

त्यांनी ते लिहिलं. लिहून झाल्यावरही त्या ओळीकडे पुष्कळ वेळ पाहत बसले. मला त्यांचा राग आला. माणूस मेला आणि हे सायकल कोणाची ते विचारताहेत, असं वाटलं.

ती मोटार अमरावतीतल्या एका डॉक्टरांची होती. डॉक्टर मोठ्या मनाचे म्हणून सगळ्या गावाला माहीत होते. गरिबाकडून फी घेत नसत. त्यांची काळी मोटार ही त्यांच्या एकट्याची कधी नव्हतीच. दवाखान्याच्या भिंतीला खिळा होता, त्यावर किल्ली. घरचं माणूस येई, किल्ली घेई, जाई. कोणाच्या लग्नात नवरदेव आणायला, कोणाला स्टेशनवर सोडायला. त्या बुधवारी डॉक्टरांचा साळा मोटार घेऊन गेला होता. हे अकोल्याचे कापसाचे अडते. त्यांची स्वतःची मोटार अकोल्याला गॅरेजात उभी होती, म्हणून बहिणीकडे ते बसनं आले होते आणि परत जाताना खिळ्यावरची किल्ली घेऊन निघाले होते.

कागदवाल्यांनी डॉक्टरांचा जबाब घेतला तेव्हा मी तिथं होते. मामांना वाटलं की इंग्रजी कळणारं कोणीतरी संगं असावं. दवाखान्यामागच्या ओसरीवर बैठक होती. डॉक्टर फार खचलेले दिसत होते. आम्हाला त्यांनी खुर्च्या दिल्या, स्वतः स्टुलावर बसले. बाकीचं सगळं लिहून झालं आणि कागदवाल्यांनी विचारलं, "गाडी नेताना सायबांच्या साळ्यानं सायबाले पुसलं होतं काय?"

डॉक्टरांना तो प्रश्नच अपमानाचा वाटला. "पुसायचं काय त्यात? माझा साळा आहे तो. घरची गाडी आहे. किल्ली घेतली अन् गेला."

"म्हंजे पुसलं नव्हतं."

"नाही पुसलं. पुसलं असतं तर मलाच राग आला असता. घरच्या माणसानं घरच्या माणसाची परवानगी मागायची? मला परका समजतो काय तो?"

कागदवाल्यांचा पेन थांबला. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, शब्दही न बदलता, विचारला. डॉक्टरांनी तेच उत्तर पुन्हा, आणखी जोरानं दिलं. मग त्यांनी लिहिलं, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. परवानगी मागण्यात आली नव्हती, परवानगी देण्यात आली नव्हती. डॉक्टरांनी 'बरोबर' म्हणून झोकात सही केली.

परत येताना मामा वाटभर डॉक्टरांचं कौतुक करीत होते. दिलदार माणूस, आपल्या माणसाच्या मागं उभा राह्यला. मलाही तसंच वाटलं होतं. त्या ओसरीवर काय घडलं हे आमच्यापैकी कोणालाच कळलं नव्हतं. ज्यांना कळलं होतं ते सायकलला बोचकं बांधून स्टेशनकडे गेले होते.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. ते मीच वाचून मामांना मराठीत सांगितलं. डॉक्टरांच्या विम्यात त्यांची मोटार दुसऱ्या कोणी चालवली तरी भरपाई होती, पण चालवणारा डॉक्टरांच्या हुकमानं किंवा परवानगीनं चालवत असला पाहिजे. डॉक्टरांच्या स्वतःच्या जबाबावरून तशी परवानगी नव्हती. सबब कंपनी जबाबदार नाही. वकिलांनी सांगितलं की साळ्यावर दावा लागेल, पण त्यांची अडत बुडाल्यात जमा आहे. हुकूमनामा मिळेल आणि आपल्या पेटीत पडून राहील.

मामा उठून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांना पत्राचा अर्थ कळला तेव्हा ते म्हणे कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, चला अकोल्याला. मी सांगतो की परवानगी दिली होती. एवढंच ना?

डॉक्टर, मामा आणि मी असे तिघं अकोल्याला गेलो. कचेरी म्हणजे एका कापडदुकानाच्या माडीवरची एक खोली. डॉक्टरांनी दुसरा जबाब लिहूनच आणला होता. पहिला फाडा आणि हा ठेवा, असं म्हणाले. कागदवाल्यांनी तो हातात घेतला, वाचला आणि परत दिला. नाही म्हणाले. दवाखान्यातल्या कंपाउंडरपासून सगळ्यांना ठाऊक आहे की सायबांना विचारलं नव्हतं. कोर्टात पहिल्याच प्रश्नाला हा जबाब फाटेल आणि सायबांची अब्रूही जाईल.

मामांचा धीर सुटला. "एक कागद फाडाचा हाये, साहेब. मानूस तं मेलाच हाये आमचा."

"कागद फाडता येते, भाऊ. म्यां काय पुसलं अन् सायबानं काय सांगतलं, थे कसं फाडू?"

मी तोवर गप्प होते. मी एरवीही गप्पच असते. पण त्या खोलीत मला एकाएकी आमच्या घरातला तो दिवस आठवला आणि मी बोलले.

"माह्या मायले तुमी दोनदा पुसलं. त्या दिवशी पुसून नेली होती काय, अन् रोज कसं नेत. डॉक्टरसायबाले त्या दिवसाचं तेवढं पुसलं. रोज कोन कोन किल्ली घेते, सायबाले चालते काय, हे काहून नाई पुसलं?"

 खालच्या दुकानात कापड फाडल्याचा आवाज येत होता. कागदवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला असं म्हणता येणार नाही. एखाद्याला आपल्याच हिशेबातली चूक दुसऱ्यानं दाखवावी तेव्हा तो जसा पुन्हा पहिल्यापासून बेरीज करू लागतो, तसे ते दिसत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, प्रश्न अपुरा होता माहा." आणि आम्हाला निरोप दिला.

त्यांनी खरोखरच मुंबईला तसं लिहिलं. आपण घेतलेल्या जबाबात प्रश्न अपुरा होता, घरातल्या माणसांना गाडी नेण्याची नेहमीचीच मुभा होती की काय हे विचारायला हवं होतं, फेरजबाब घ्यायची परवानगी मिळावी. वीस वर्षांच्या नोकरीत कोणी असं पत्र स्वतःविरुद्ध लिहिलं असेल असं मला वाटत नाही. उत्तर दोन ओळींचं आलं. प्रश्न अपुरा असेल, उत्तर पूर्ण आहे. प्रकरण बंद.

ही पत्रं मी नंतर पाहिली. त्या वेळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मामांनी तिवशाला जायला पोळ्यानंतरचा दिवस ठरवला होता. मायनं शिवायचा दाभण, दोऱ्याची रिळं, फर्मे दाबायची लाकडी फळी एका पोत्यात भरून ठेवली होती. माझी पुस्तकं मी कॉलेजच्या वाचनालयाला परत केली होती.

अशा एका रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. 'येऊ काय' विचारलं. या वेळी पहिल्याच विचारण्याला मायनं 'या' म्हटलं. बसले, मेणकापड सोडलं, एक कागद काढला. तो डॉक्टरांचा नव्हता. डॉक्टरांच्या साळ्याचा, गॅरेजात उभ्या असलेल्या त्यांच्या स्वतःच्या मोटारीचा विमा होता. हाही यांनीच उतरवलेला, याच कंपनीचा. सांगताना त्यांनी आधी हे सांगितलं की कागद मालकाला विचारून आणला आहे, आणि मालकानं 'न्या' म्हटलं आहे.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. माय समोर बसून ऐकत होती. तिला अक्षरओळख नव्हती, तरी त्यांनी तिला एक ओळ गाळून दाखवली नाही. मोटारीचं वर्णन, मुदत, काय केल्यानं विमा रद्द होतो, आग, चोरी, सगळं. मला वाटत होतं की या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. अर्धा-पाऊण तास गेला आणि ते थांबले. कागद माझ्यापुढे सरकवला, एका कलमावर बोट ठेवलं आणि वाच म्हणाले.

मी वाचलं. विमा घेणारा स्वतः दुसऱ्याच्या मालकीची खाजगी मोटार चालवत असेल, तर त्या वेळी त्याच्या हातून तिसऱ्याला होणाऱ्या इजेची भरपाईही कंपनी करील. तेवढंच होतं. मायनं विचारलं, काय म्हणते. उत्तर कागदवाल्यांनी दिलं.

"बाई, यायची गाडी अकोल्याले उभी होती. पन कागद उभा नव्हता. कागद मानसासंगं आला होता. हा मानूस दुसऱ्याच्या गाडीत बसला तं कागदई बसला."

मी म्हटलं, पण परवानगी नव्हती ना. हाही कागद तेच म्हणेल.

"शोध," ते म्हणाले.

मी ते कलम पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा, शब्दावर बोट ठेवून. लायसन पाहिजे, ते साळ्याकडे होतं. स्वतः चालवत असला पाहिजे, तो चालवत होता. गाडी त्याच्या मालकीची नको, ती नव्हती. परवानगी हा शब्द त्या कलमात कुठंच नव्हता. मी मान वर केली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चहाच्या कपाला हात लावला.

त्यांनी आम्हाला कोणत्या विम्यावर, कोणत्या कलमाखाली मागणी करायची ते लिहून दिलं. जाताना मामांना एवढंच म्हणाले की पोळ्याचं राहू द्या. कंपनीच्या माणसानं कंपनीविरुद्धची वाट दाखवली तर कंपनी त्याचं काय करते हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आम्हाला मात्र त्या वेळी ते सुचलंही नाही.

निकाल लागायला दोन वर्षं गेली. तोवर माय प्रेसचे फर्मे शिवत होती आणि मामांनी तिवशाचा विषय काढला नाही. अमरावतीच्या कोर्टात आमच्या वकिलांनी कागदवाल्यांना साक्षीला बोलावलं. कोट घालून आले. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं असं की विमा त्या गॅरेजातल्या गाडीचा आहे, त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या गाडीचा नाही. न्यायाधीशांनी कागद मागितला. कागदवाल्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. न्यायाधीश म्हणाले, कलम तेवढं वाचा. त्यांनी नम्रपणे सांगितलं की मधूनच वाचलं तर मागचं-पुढचं कळत नाही. न्यायाधीशांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि ऐकलं. सगळं.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी विचारलं, कंपनीचा कागद या लोकांना दाखवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

"कागद कंपनीचा नाई, साहेब. ज्यानं सही केली त्याचा हाये. त्याले पुसलं. थो म्हने दाखवा."

"आणि कंपनीला विचारलं?"

"नाई. तिले पुसलं असतं तं तिनं नाई म्हटलं असतं. मंग मले दाखवता आलं नसतं."

कोर्टात लोक हसले. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. महिन्याभरानं त्यांना कंपनीचं पत्र गेलं. मी आणि माय अकोल्याला त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा ते टेबलावरच होतं. त्यांनी ते आम्हाला पूर्ण वाचून दाखवलं. नोकरीतून कमी करण्याचं कारण, तारीख, कोणत्या वस्तू परत करायच्या. माय रडायला लागली. ते म्हणाले, "रडू नका, बाई. लिहिलं चांगलं हाये. कुठं बोट ठेवाले जागा नाई सोडली."

त्यानंतरची पाच-सहा वर्षं ते अकोल्याच्या तहसील कचेरीसमोर झाडाखाली बसत आणि लोकांना कागद वाचून दाखवत. अर्ज लिहिणारे पुष्कळ होते, वाचून दाखवणारे हे एकटे. सावकाराचा असो, सरकारी असो, कोणी अंगठा करायला निघाला की त्याला बसवून घेत. लोक कंटाळत, पण ऐकत. मी बी.ए.च्या परीक्षेला बसले त्या वर्षी ते अमरावतीला आले होते. अभ्यास कसा चाललाय वगैरे काही विचारलं नाही. परीक्षेच्या अर्जाच्या मागे छापलेल्या सूचना मी वाचल्या काय, एवढं विचारलं. मी वाचल्या नव्हत्या. मग त्यांनी वाचल्या आणि मी ऐकल्या.

डॉक्टरांबद्दल ते कधी वावगं बोलले नाहीत. एकदाच म्हणाले की तो माणूस खरं बोलला, आणि खऱ्याला पुरेल एवढा प्रश्न आपल्याजवळ नव्हता. ही गोष्ट त्यांनी मनातून काढलेली नव्हती. मीही ती माझ्या मनातून काढलेली नाही. त्या माडीवर मी त्यांना ते सुनावलं नसतं तर पुढचं काही घडलं असतं की नाही, आणि त्यांची नोकरी राहिली असती की नाही, या दोन्हींचा मी पुष्कळदा एकत्र विचार करते. 

गेल्या हिवाळ्यात घरमालकीणबाईंनी कळवलं तेव्हा सगळं आटोपून चार दिवस झाले होते. मी गेले. खोली धुऊन काढलेली होती आणि तिथं नवीन बिऱ्हाडाचं सामान येत होतं. कपडे, भांडी बाईंनी आळीत देऊन टाकली होती. नातेवाईक कोणी आले नव्हते. फोटो निघाला नाही, त्यांनी कधी काढलाच नव्हता.

कंपनीच्या कचेरीत आता दुसरे गृहस्थ आहेत. ते सही कुठं करायची ते दाखवतात. डॉक्टरांनी मोटार विकली. मी दर्यापूरला मुलींच्या शाळेत शिकवते. माय माझ्याजवळ असते. आम्ही तिवशाला गेलो नाही.